सहीविना राहिलेले पान

आमच्या प्रसाविका प्रशिक्षण शाळेच्या नियमपत्रिकेत सत्तावीस नियम आहेत. त्यांतील सव्वीस नियमांची भाषा माझी आहे. सत्ताविसावाही माझ्याच हस्ताक्षरात आहे. पण तो माझा आहे असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

पालघरमधील या शाळेतून निवृत्त होऊन मला काही महिने झाले. एका दिवाळी अंकासाठी लिहावे असा निरोप आला, तेव्हा सांगण्याजोगे माझ्याजवळ काही नाही असे मी दोनदा कळवले. तिसऱ्यांदा नकार देण्याचाच संकोच वाटला, म्हणून हे लेखन. वाचकांनी त्यात पराक्रम शोधू नयेत. माझ्या हातून झालेल्या प्रसूतींपेक्षा माझ्या हातून लिहिली गेलेली वाक्ये अधिक भरतील, आणि त्यांतल्याच एका वाक्याने एका मुलीचे जवळजवळ नुकसान केले होते.

‘प्रसाविका’ हा शब्द प्रमाणपत्रावर असतो; गावात तिला ‘नर्सबाई’ म्हणतात, किंवा नुसते ‘सिस्टर’. बारावी झालेल्या मुली आमच्याकडे दोन वर्षे शिकतात. वर्ग असतात, पण खरे शिक्षण रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात होते. पुढे त्या उपकेंद्रांवर जातात. एखाद्या खेड्यात डॉक्टर नसतानाही जी एक पांढऱ्या कपड्यातली बाई हमखास असते, ती हीच.

मी स्वतः या मार्गाला फार उशिरा लागले. संस्कृत घेऊन एम. ए. झाले होते. यजमानांची नोकरी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणून आम्ही बोईसरला राहत होतो, आणि तेथे कुणाला संस्कृतची निकड नव्हती. एके दुपारी शेजारच्या खोलीतल्या कामगाराच्या बायकोला कळा सुरू झाल्या. चाळीतले सगळे पुरुष पाळीवर गेलेले. रिक्षातून मी तिला रुग्णालयात नेले. मला काहीही येत नव्हते. मी फक्त तिचा हात धरून बसले होते. “दीदी, आप मत जाना,” एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी गेले नाही. बाळ सुखरूप झाले. त्यात माझे कर्तृत्व शून्य होते, आणि त्या शून्याचीच मला इतकी लाज वाटली की तेहतिसाव्या वर्षी मी परिचारिकेच्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरला.

वर्गात बाकीच्या मुली अठरा-एकोणीस वर्षांच्या. पहिल्या दिवशी मी आत शिरताच सगळ्या उभ्या राहिल्या. मी शिक्षिका नसून त्यांची वर्गभगिनी आहे हे कळल्यावर त्या ज्या हसल्या, ते हसू तीन वर्षे टिकले. “काकू, आमची जागा धरा हं!” असे त्या म्हणत, आणि मी धरत असे.

माझ्या पहिल्या प्रसूतीच्या वेळी टेबलावर पाम गावची एक शेतकरी बाई होती. हातमोजे चढवताना माझी बोटे एकमेकांत अडकत होती. कळांच्या मधल्या उसंतीत तिने मान वळवून माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, “बाय, तुजी पयलीच काय?”

मी होकारार्थी मान हलवली.

“मंग घाबरू नको. माजी तिसरी हाय. मी सांगतंय तसं कर.”

मागे इन्चार्ज सिस्टर उभ्या होत्या; त्या आणि ही बाई, अशा दोघींनी मिळून मला तारून नेले. मागे कोणीतरी जाणते उभे असणे म्हणजे काय, हे त्या दिवशी मला समजले. पुढे मी शिकवू लागले तेव्हा ‘पर्यवेक्षक’ या कोरड्या शब्दामागे मला नेहमी त्या सिस्टरांचा श्वास ऐकू येई.

मी शाळेत रुजू झाले त्याच आठवड्यात प्राचार्याबाईंनी इंग्रजी नियमांचा एक जुना गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. “तुमचे मराठी चांगले आहे. मुलींना कळेल असे करून द्या.” आयुष्यात प्रथमच माझ्या पदवीचा कुणाला उपयोग होत होता. मी पंधरा दिवस त्यावर बसले. कोपरापासून बोटांपर्यंत हात मोकळे असावेत. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ नको. नखे कापलेली असावीत. केसांचा अंबाडा जाळीत असावा. रुग्णस्त्रीला नावाने व मानाने हाक मारावी. तिच्यावर ओरडू नये, तिच्या नातलगांसमोर तिच्या शरीराविषयी बोलू नये. रजा लेखी असावी.

चौदावा नियम सर्वांत महत्त्वाचा. मूळ इंग्रजीत एवढेच होते की विद्यार्थिनीने पर्यवेक्षकाशिवाय प्रसूती करू नये, केल्यास नाव कमी होईल. मला ते वाक्य लंगडे वाटले. मध्ये काहीतरी वजनदार हवे होते. मी लिहिले: ‘विद्यार्थिनीने पर्यवेक्षकाच्या उपस्थितीवाचून कोणत्याही परिस्थितीत प्रसूती करू नये, केल्यास तिचे नाव पटावरून कमी करण्यात येईल.’ ‘कोणत्याही परिस्थितीत’ हे दोन शब्द मुळात नव्हते. ते मी वाक्याच्या तोलासाठी घातले. प्राचार्याबाईंनी मोठ्याने वाचून पाहिले आणि म्हणाल्या, “हे उत्तम झाले.” मला त्या दिवशी जेवण गोड लागले.

नियम करणाऱ्याला नियम कुठे फाटतात हे लवकर कळते. वसतिगृहासाठी मी लिहिले होते की उग्र वासाचे खाद्यपदार्थ खोलीत ठेवू नयेत. शिरगावची प्राजक्ता नावाची मुलगी होती. घरची होडी, घरचे मासे. तिच्या पेटीत सुके बोंबील सापडले. आईला बोलावणे गेले. ती मासळीबाजार उरकून, टोपली दाराबाहेर ठेवून आत आली आणि खुर्चीवर न बसता उभी राहिली.

“मॅडम, पोरीला तुमची गोडी डाळ गिळत नाय. दोन बोंबील भाजून खाल्ले तर काय झालं?”

मी नियमपत्रिका पुढे केली. तिने ती माझ्याकडूनच वाचून घेतली.

“उग्र वास,” ती म्हणाली. “आनि तुमच्या हास्पिटलात तो फिनेलचा वास येतो, तो काय मोगऱ्याचा हाय?”

प्राजक्ता खाली मान घालून हसू दाबत होती. शेवटी घट्ट झाकणाचा एक डबा आणि मागच्या गच्चीवर भाजण्याची परवानगी, यावर तडजोड झाली. जाताना ती माऊली मला म्हणाली, “तुमी बी खात जावा मॅडम, लय सुकल्यात.” माझ्या शाकाहाराचा उल्लेख करण्याचे धैर्य मला झाले नाही.

आता ज्या वहीसाठी हे सारे लिहीत आहे तिच्याकडे वळते. प्रत्येक विद्यार्थिनीजवळ एक प्रसूती-नोंदवही असते. ठरावीक प्रसूती आधी पाहायच्या, मग ठरावीक प्रसूती पर्यवेक्षकासमोर स्वतः करायच्या. प्रत्येक प्रसूतीला एक पान. आईचे नाव, कळा कधी सुरू झाल्या, बाळ कधी जन्मले, रडले का, वजन किती, नाळ कशी कापली, वार पूर्ण पडली का, रक्तस्राव किती. शेवटच्या रकान्यात पर्यवेक्षकाची सही. सह्यांची संख्या भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही.

संख्या म्हटली की लबाडी आलीच. एकदा दोन मुलींच्या वहीत एकाच वेळी, एकाच आईला झालेले बाळ होते. एकीकडे वजन दोन किलो आठशे, दुसरीकडे तीन किलो शंभर. इन्चार्ज सिस्टरांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवून विचारले, “या वहीतून त्या वहीत जाईपर्यंत बाळाने काय खाल्ले गं?” तेव्हापासून मी प्रत्येक तुकडीला पहिल्याच तासाला एक वाक्य लिहून देत असे: ‘केले ते लिहा. केले नाही ते लिहू नका.’ याबाबतीत मी, जी एरवी शिपायालाही चहा सांगायला लाजते, कठोर होते.

सुरेखा मनोरच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. त्या पाड्यावरून प्रशिक्षणाला आलेली ती पहिलीच. वर्गात ती बोलत नसे, आणि न बोलणाऱ्यांविषयी मला साहजिकच आपुलकी वाटे. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात ती दोन दिवसांची लेखी रजा घेऊन घरी गेली. परतल्यावर आठवड्याने वह्या तपासताना तिच्या वहीत मला एक अनोळखी पान लागले.

स्थळाच्या रकान्यात रुग्णालयाऐवजी पाड्याचे नाव होते. आईचे नाव कमळी. वेळा व्यवस्थित. ‘नाळ’ या रकान्यात लिहिले होते: ‘कापली नाही. निर्जंतुक ब्लेड नव्हते. वार पूर्ण पडल्यावर बाळासोबत स्वच्छ फडक्यात ठेवली.’ शेवटचा रकाना रिकामा.

मी तिला शिक्षिकांच्या खोलीत बोलावले. दुपारची वेळ होती, दुसरे कोणी नव्हते.

“ही कमळी कोण?”

“शेजारची, मॅडम. तारीख पुढं होती तिची. अवचित कळा आल्या.”

“रुग्णवाहिका?”

“बोलावली. गाडी पाड्यावर येत नाय, खाली रस्त्यावर थांबते. बाईला झोळीत घालून न्यावं लागतं. न्यायला कोण नव्हतं. दिवाळी झाली का सगळे वीटभट्टीवर जातात. म्हातारीमाणसं तेवढी ऱ्हातात.”

“आणि पर्यवेक्षक...”

“कोण नव्हतं. म्हनून रकाना तसाच ठेवलाय.”

रुग्णवाहिकेतले डॉक्टर चालकाला घेऊन, स्ट्रेचर उचलून, डोंगर चढून आले तोवर बाळ आईच्या छातीशी होते. त्यांनी तेथेच आपल्या ब्लेडने नाळ कापली, दोघांना खाली नेले, आणि सुरेखेला गावची आशा कार्यकर्ती समजून तिचे आभार मानले. म्हणजे हे पान नसते तर शाळेला काहीही कळले नसते.

मी बराच वेळ वहीची उघडझाप करत राहिले. मग, ज्या आवाजात मी कधीच बोलत नाही अशा काहीशा मधाळ आवाजात म्हणाले, “सुरेखा, ही नोंद संख्येत तर धरता येणार नाही. तुझी वही खराबही झाली आहे. नवी वही घेऊन उतरवून काढलीस तर... हे पान अजून माझ्याखेरीज कुणी पाहिलेले नाही.”

“पान काढू म्हनता?”

मी बोलल्याविना तिला समजावे अशी माझी अपेक्षा होती. “मी तसे म्हटले नाही,” मी म्हणाले.

“नाय. पन तसंच झालं ना?” तिने अगदी साधेपणाने विचारले. टोचण्याचा तिचा हेतू नव्हता. “मॅडम, तुमीच लिवून दिलेलं, केलं ते लिवा. मी तर केलंय.”

“चौदावा नियम ठाऊक आहे ना? नाव कमी होईल. परत कुठे प्रवेश मिळणार नाही.”

तिचा चेहरा तेव्हा मात्र उतरला. तिने वही मिटून माझ्याच पुढे ठेवली. मग म्हणाली, “पान राहू द्या, मॅडम.”

ती वही मला स्वतःच्या हातांनी प्राचार्याबाईंकडे न्यावी लागली.

प्राचार्याबाई निष्ठुर नव्हत्या, हे येथे सांगायला हवे. त्या तरुण असताना दुसऱ्या एका गावी एका उत्साही विद्यार्थिनीने एकटीने प्रसूती केली होती. रक्तस्राव वाढला आहे हे तिला वेळेत उमगले नाही, आणि आई वाचली नाही. चौदाव्या नियमामागे त्यांना ती बाई दिसत असे, जशा मला माझ्या सिस्टर. दोन दिवसांनी त्यांच्या खोलीत बैठक झाली. त्या, रुग्णालयाच्या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरबाई आणि मी. सुरेखा समोर उभी.

डॉक्टरबाईंनी ते पान शांतपणे वाचले. “नाळ का कापली नाहीस?”

“ब्लेड नव्हतं. म्हंजे होतं, दाढीचं, गंजलेलं. माजी काकी सुईनपन करायची पूर्वी. ती बोलली, वार पडल्याबिगर आपल्यात नाळ कापत नायत, थांब. मी थांबले. वार पडल्यावर ती ब्लेड घेऊन आली. मी बोलले, आता बी कापायची नाय.”

“आणि काकीने ऐकले?”

“नाय. मी कापू दिली नाय तवा शिव्या घातल्यान.”

“काय म्हणाली?”

सुरेखेने एकदा प्राचार्याबाईंकडे पाहिले. “सांगू?”

“नको,” प्राचार्याबाई म्हणाल्या. डॉक्टरबाईंनी रुमाल तोंडाशी नेला.

आमच्याकडे वर्गात शिकवतात की नाळ काही क्षणांत निर्जंतुक ब्लेडने कापावी. आणि सुइणींची जुनी रीत टाकाऊ म्हणून सांगतात. या मुलीने वर्गातले स्वच्छतेचे सूत्र धरले आणि ते पाळण्यासाठी घरची रीत वापरली. दोन्ही शाळांतले जे हवे ते घेतले. तसे करता येते, हे मी कधी शिकवले नव्हते.

“चौदावा नियम माहीत होता?” प्राचार्याबाईंनी विचारले.

“पाठ हाय.” आणि तिने तो म्हणून दाखवला. माझे वाक्य, माझ्या तोलासह, एकही शब्द न गाळता. एरवी ‘हाय’ आणि ‘नाय’ म्हणणाऱ्या त्या मुलीच्या तोंडून ‘कोणत्याही परिस्थितीत’ इतके स्वच्छ उमटले की मी टेबलाखाली हात घट्ट धरले.

“मग?”

“मग कमळीला थांब म्हनून सांगायचं होतं काय, मॅडम?”

प्रश्न उद्धट नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवे होते. तिला बाहेर बसायला सांगण्यात आले.

“मुलगी गुणी आहे,” प्राचार्याबाई म्हणाल्या, “पण वाक्य स्पष्ट आहे. कोणत्याही परिस्थितीत. आज हिला सोडले तर उद्या दुसरी धाडस करील, आणि तिच्यापाशी एवढी समज नसेल. मी ते ओझे घेणार नाही.”

बैठकांत मी बोलत नाही. कारकिर्दीत माझे नाव इतिवृत्तात ‘उपस्थित’ या शब्दाखालीच असे. त्या दिवशी मी बोलले, पण इतके हळू की पहिले वाक्य त्यांना ऐकूच गेले नाही.

“काय म्हणालात?”

“ते शब्द माझे आहेत,” मी पुन्हा म्हटले. “मुळात नव्हते. वाक्य बरे दिसावे म्हणून मी घातले. झोळी उचलायला माणूस नसलेला पाडा तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर नव्हता.” आणि आता थांबले तर पुढचे कधीच बोलता येणार नाही हे जाणवून मी घाईने पुढे म्हणाले, “आणखी एक. ते पान काढून टाकावे असे मीच तिला सुचवले होते. तिने नकार दिला.”

“म्हणजे,” प्राचार्याबाई सावकाश म्हणाल्या, “या शाळेत खोटे लिहायला सुचवणाऱ्या तुम्ही, आणि ते नाकारणारी ती.”

“होय.”

“तुमचे ऐकले असते तर ती आज निर्वेध परीक्षेला बसली असती.”

“होय.”

त्यांनी वही स्वतःकडे ओढली आणि ते पान प्रथमच संपूर्ण वाचले. रक्तस्रावाच्या रकान्याशी त्यांचे बोट थांबले. सुरेखेने तेथे नुसता अंदाज लिहिला नव्हता; किती फडकी भिजली, गर्भाशय घट्ट झाले की नाही हे कितीदा हाताने पाहिले, तेही लिहिले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

सुरेखेचे नाव पटावर राहिले. ती प्रसूती संख्येत धरली गेली नाही, आणि नियमभंगाबद्दल तिला प्रसूतिकक्षातील पाळी पुन्हा करावी लागली. त्यामुळे तिची परीक्षा सहा महिने पुढे गेली. ते सहा महिने अन्यायाचे होते असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. पण त्या दिवशीचे माझे बोलणे तोवर संपले होते, आणि नव्याने जमवण्याइतके बळ माझ्यात नव्हते. याची खंत आहे. मला लेखी समज मिळाली. ती माझ्या सेवापुस्तिकेत आहे, सहीशिक्क्यासह. कमळीच्या पानावरचा शेवटचा रकाना मात्र रिकामाच राहिला. तेथे सही करायचा अधिकार आमच्यापैकी कुणाचाच नव्हता.

बैठकीनंतर प्राचार्याबाईंनी मला नियमपत्रिका दुरुस्त करायला सांगितली. चौदाव्या नियमातून मी माझे दोन शब्द काढले. वाक्य पुन्हा लंगडे झाले, तसेच राहू दिले. शेवटी एक नवा नियम जोडला: ‘प्रसूतिवेदना सुरू असलेल्या स्त्रीला, मदत येईपर्यंत, विद्यार्थिनीने कोणत्याही परिस्थितीत एकटे सोडू नये. मदत मागवावी, आणि जे घडले ते जसेच्या तसे नोंदवावे.’ मला वाटले, बोईसरच्या त्या शेजारणीचे “दीदी, आप मत जाना” इतक्या वर्षांनी मी मराठीत उतरवले. खरे सांगायचे तर या वाक्याचा मला अभिमान वाटत होता.

निवृत्तीपूर्वी शेवटच्या तुकडीला घेऊन मी मनोरच्या पलीकडे एका उपकेंद्रावर गेले. तेथे आता सुरेखा असते. ओट्यावर बायकांची रांग होती. कुणी तिला ‘सिस्टर’ म्हणत होते, कुणी ‘सुरेखा’, आणि एक म्हातारी तिला सर्वांदेखत रागावत होती. ती काकी असावी असे मला वाटले, विचारले नाही.

मुलींच्या हातातली नियमपत्रिका पाहून सुरेखेने ती मागून घेतली. “किती झाले आता?”

“सत्तावीस,” मी म्हणाले. “शेवटचा वाच.”

ओठ हलवत तिने तो वाचला. मी अधीर झाले होते, हे कबूल करते. तिने पुन्हा एकदा वाचला, आणि अवघड प्रश्न पडलेल्या विद्यार्थिनीसारखे माझ्याकडे पाहिले.

“मॅडम,” ती म्हणाली, “हे लिवायला लागतं?”